डाव्या पायाची वहाण

कळसमध्ये आमच्या सासूबाईंना वेडी म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठ वळली की म्हणतात. कुणाच्या मते त्या झपाटलेल्या आहेत, कुणाच्या मते नवरा गेल्यावर डोक्यावर परिणाम झाला. कारण काय, तर सारजाबाई रोज तांबडं फुटायच्या बेताला हातात एका पायाची वहाण घेऊन पाटाच्या कडेनं चालायला जातात. पायात त्यांच्या स्वतःच्या चपला असतात. हातातली वहाण पुरुषाची, जाड कातड्याची, डाव्या पायाची. दीड कोस जायचं आणि दीड कोस यायचं. चार वर्षांत एक दिवस खाडा नाही.

मी त्यांची एकुलती एक सून, सुकन्या. माहेर कोऱ्हाळे बुद्रुक, शिक्षण दहावी पास, आणि जीभ, सासूबाईंच्या मते, बारावी. गावाला त्या काही सांगायच्या नाहीत, म्हणून मी लिहिते. यात माझाही वाटा आहे आणि तो पोटात ठेवून मी पुष्कळ दिवस काढले. आता नाही काढणार.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासऱ्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा, मीही म्हणायचे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण लिहिताना किती वेळा 'हे' म्हणणार? तेव्हा मल्हार.

मी १९८८ साली लग्न होऊन आले तेव्हा घरात एकही मेंढरू नव्हतं. त्याआधी होती, शंभर-सव्वाशे. दिवाळी झाली की आप्पा आणि आत्या कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि उन्हाळा सरता सरता परत यायचे. आत्या त्या चालण्याचं वर्णन करताना हात हलवायच्या, जसं काही बसल्या जागीच निघाल्या आहेत. बिऱ्हाड घोड्यावर. भांडी, धान्य, कोंबड्या, तान्हं पोर, सगळं घोड्यावर बांधून बाया पुढं जायच्या आणि तळ पडायचा तिथं चूल पेटवायच्या. पुरुष मेंढरं चारत मागून यायचे. आप्पा सगळ्यात मागं. लंगडं मेंढरू, नुकतं व्यालेलं कोकरू, थकलेलं म्हातारं कुत्रं, कुणी मागं राहू नये म्हणून.

"मागं बघायचं न्हाय, ह्यो आमचा नेम," आत्या सांगायच्या. "बाई मागं बघाय लागली की घोडं बी थांबतं. मागचं मागचा बघंल. आपुन चालायचं."

मग पाटाचं पाणी आलं. रानात ऊस उभा राहिला. आप्पांनी कळप विकला आणि घरापुढच्या लिंबाखाली बाज टाकली. त्या बाजेवर ते जे बसले, ते बसलेच. त्यात वावगं काय होतं? आयुष्यभर चाललेला माणूस बसला. आमच्यात चालणं म्हणजे गरिबी. बसून खाणं म्हणजे देवानं बघितलं.

फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. पाय थांबले, पण तोंड थांबलं नाही. दिवसाला सहा कोस चालणाऱ्या माणसाच्या चार भाकरी चारच राहिल्या. त्यावर दूध आलं, तूप आलं, साईचा चहा आला, भिगवणहून येताना कुणी ना कुणी आणलेली शेव आणि भजी आली. लग्नात मी पहिल्यांदा पाया पडायला वाकले तेव्हा मला पोटाच्या पलीकडचं तोंड दिसलंच नाही. बायका कौतुकानं म्हणायच्या, "आप्पांनी अंग धरलं गं! माणसात आलं आप्पा." मीही म्हणायचे. माझ्या हातचं खाऊन माणूस वाढतो आहे, याहून सुनेला दुसरं काय हवं असतं?

ब्याण्णव साली परसात, पुरुष लघवीला बसायचे त्या भिंतीशी मुंग्या लागल्या. काळ्या, मोठ्या, ओळीनं येणाऱ्या. आत्यांना आनंद झाला. काळ्या मुंग्या घरात येणं म्हणजे बरकत. त्यांनी चिमूटभर साखर नेऊन त्या ओळीपाशी टाकली आणि हात जोडले. त्या मुंग्या सांगायला आल्या होत्या, आणि आम्ही त्यांना नैवेद्य दाखवला.

वर्षभरात आप्पांचं पाणी पिणं वाढलं, रात्री उठणं वाढलं, डोळ्यांना धूसर दिसायला लागलं. मल्हारनं त्यांना भिगवणच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर मनुष्य चांगला. समोर बसवून अर्धा तास समजावलं. गोड बंद, तेलकट बंद, भाकरी मोजून, पालेभाज्या भरपूर आणि रोज तासभर चालायचं. पायाला जपायचं, अनवाणी फिरायचं नाही. सगळं सांगितलं. पण भिगवणहून कळसला येईतो त्यातलं 'साखर बंद' एवढंच उरलं.

साखर आम्ही इमानानं बंद केली. डबाच वरच्या फळीवर ठेवला. पण गूळ? गूळ म्हणजे काय साखर आहे का? साखर कारखान्यातली, पांढरी, औषध मारलेली. गूळ आपल्या रानातल्या उसाचा. बाळंतिणीला देतात, उन्हातून आलेल्याला पाण्याबरोबर देतात, बैलाला देतात. गुळानं कुणाचं वाईट झालेलं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. तरी आत्यांनी शहाणपणा केला. सगळ्यांसमोर सांगितलं, "डाक्टर म्हनला गोड बंद, म्हंजी गूळ बी बंद." ढेप कोठीत गेली.

आणि चालणं? आप्पा हसले. "आता चालू? कशापायी? चालून चालून टाचा झिजल्या माझ्या. पुन्यांदा रस्त्यावर दिसलो तर लोक म्हनतील, आप्पाचं दिवस फिरलं. पोरानं बापाला घराभाईर काढला."

आता माझा वाटा सांगते.

संध्याकाळी आत्या धारेला गोठ्यात गेल्या की आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायचे. फक्त तळहात पुढं करायचे, लहान पोरासारखा. पहिल्या दिवशी मी मान हलवली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कोठीतून लिंबाएवढा गुळाचा खडा आणून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो गालात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सून असावी तर अशी. कुनाला सांगू नगं, पोरी."

दीड वर्ष मी कुणाला सांगितलं नाही. सासरी येऊन मला पाच वर्षं झाली होती आणि तोवर मला कुणी 'सून असावी तर अशी' म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी रोज गूळ दिला. दयेपोटी दिला असंही म्हणता येईल, पण खोटं कशाला लिहू? मला ते वाक्य गोड लागायचं.

पंच्याण्णवच्या संक्रांतीला आप्पांच्या डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला निघाला. किती दिवस होता कुणास ठाऊक. त्यांना कळलंच नव्हतं. मेंढरांमागं फिरताना ज्यांना वहाणेतून खडा कळायचा, त्यांना दोन बोटं खोल जखम कळली नाही. आत्यांनी हळद भरली. पंधरा दिवसांत पाय काळा पडला. भिगवणच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पुण्याला पाठवलं. तिथं गुडघ्याखाली पाय काढावा लागला. जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नव्हता, हे तिथल्या डॉक्टरांनी मल्हारला तीनदा समजावलं.

आप्पा घरी आले आणि त्याच बाजेवर पडले. पहिला प्रश्न त्यांनी मल्हारला विचारला, "माझा पाय कुठं हाय?"

पाय दवाखान्यातच राहिला होता. त्यानं तो मागितला नव्हता, त्याला सुचलंच नव्हतं.

"तितंच ऱ्हायला व्हय?" आप्पा म्हणाले. रागावले नाहीत. वर लिंबाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग त्यो येनार. एकलाच येनार. मला कळतंय, चालतोय त्यो. बोटं गार पडल्यात त्येची."

नसांमुळं असं वाटतं, नसलेला पायही दुखतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आम्ही मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काल लोणीला मुक्काम केला त्येनं."

तिसऱ्या दिवशी उरुळी. मग यवत. मग पाटस. ते मुक्काम मोजायला लागले, जसे कधीकाळी कळपाचे मोजायचे. सोलापूर रस्त्यानं पाय एकटाच चालत येत होता. "रस्ता लई तापतोय," म्हणायचे. "पायात वहान न्हाय त्येच्या." कुरकुंभच्या दिवशी त्यांना ताप भरला. मी भाकरी थापत होते आणि मला त्या रस्त्याचा विचार करवत नव्हता. ट्रकांच्या कडेकडेनं, धुळीतून, एकटा पाय. हसू नका. त्या आठवड्यात माझ्या जागी असता तर तुम्हीही कवाडाला कडी लावली असती.

सातव्या दिवशी म्हणाले, "भिगवन आलं."

आठव्या दिवशी दुपारी आत्या त्यांना पेज भरवत होत्या. आप्पांनी हातानं वाटी बाजूला सारली, मान वळवून अंगणाच्या तोंडाकडं बघितलं आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "आला बघ."

तेवढंच. मान तशीच राहिली.

दहाव्याला ओढ्याकाठी सगळी भावकी जमली. पानावर पिंड मांडले, भाकरी ठेवली, चहा ठेवला, आणि आप्पांची आवड म्हणून कुणीतरी गुळाचा मोठा खडा ठेवला. बाभळीवर कावळे पाच-सहा होते. पण एकही खाली येईना. मल्हार म्हणाला, "आप्पा, आयला सांभाळीन." कावळा हलला नाही. भावकीतले जोतीरामतात्या म्हणाले, "रानाची वाटनी नीट करू, आप्पा." नाही. ऊन वर चढलं. मला त्या पानावर फक्त गुळाचा खडा दिसत होता. मला वाटलं, आप्पा माझं नाव सांगत आहेत. आता हे कावळे सगळ्यांदेखत माझ्याकडं बघणार. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेवढ्यात आत्या उठल्या.

त्या तेव्हा चांगल्या जाडजूड होत्या. उठायला दोघींचा हात लागायचा. पण कुणाचा हात न घेता उठल्या, पानापाशी गेल्या, गुळाचा खडा उचलला आणि ओढ्यात भिरकावला. मग वर बघून नवऱ्याशी बोलावं तशा बोलल्या:

"अवो, लई लांबनं चालून आला तुमचा पाय. आता त्येला बसू द्या. तुमचं जेवढं चालायचं ऱ्हायलं तेवढं मी चालंन. आन माझ्या घरात गूळ येनार न्हाय. झालं?"

कावळा खाली आला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

भावकी हुश्श करून घरी गेली. मी मात्र त्या दिवसापासून धास्तावले. त्यांनी गूळच का फेकला? त्यांना माझं कळलं होतं का?

दुसऱ्या दिवसापासून आत्या चालायला लागल्या. आप्पांच्या दोन वहाणांपैकी उजवी त्यांच्याबरोबर गेली होती. डावी खुंटीला राहिली होती, पाय काढल्यापासून तशीच. ती काढून हातात घेतली. "त्येच्या पायात काय नव्हतं," एवढंच म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात जेमतेम मारुतीच्या देवळापर्यंत जायच्या आणि पायरीवर बसून कुत्र्यासारख्या धापा टाकायच्या. महिन्यानं वेशीपर्यंत. पावसाळा संपेतो पाटाच्या पुलापर्यंत. वाटेत पोरं विचारायची, "म्हातारे, दुसरं पायतान कुठंय?" त्या म्हणायच्या, "तुझ्या बापाच्या टाळक्यात हाय, जाऊन बघ."

घरात चुलीवरही त्यांचं राज्य आलं. मोठ्या परातीएवढ्या भाकरीची ताटलीएवढी झाली, आणि ताटात दीडच. शेपू, तांदुळजा, शेवग्याचा पाला, हुलग्याचं माडगं, पातळ ताक. तेलाची बुधली त्यांच्या उशाशी. चहा बिनसाखरेचा, पाहुण्यालासुद्धा. आमच्या घरी पाहुणे कमी झाले ते तेव्हापासून. छकुलीला, म्हणजे माझ्या लेकीला, चपातीवर साखर-तूप लावून गुंडाळी द्यायची माझी सवय त्यांनी मोडली. पोरगी आठ दिवस रडली, मग काकडी खायला शिकली. दीड वर्षात आत्यांचं अंग उतरलं. बसल्या की कुणाचा हात न धरता उठायला लागल्या. गावानं त्याचाही अर्थ लावला: भूत शोषून घेतंय म्हातारीला.

खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. कारण संध्याकाळी, त्याच वेळेला, मी एकटी स्वयंपाकघरात असले की अंगणात कर्र असा आवाज यायचा. जुन्या वहाणेचा. एकदा कर्र, मग जरा थांबून परत कर्र. दोन पायांची चाल अशी वाजत नाही. उंबऱ्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. मी मान वर करायची नाही. मला ठाऊक होतं, वर बघितलं तर तळहात पुढं केलेला असणार.

मल्हारला यातलं काही पटत नव्हतं. तो दुधाचा टेम्पो चालवायचा, कळस ते बारामती. दिवसभर गाडीत बसून, आणि घरचं माडगं आवडत नाही म्हणून वाटेत हॉटेलात खाऊन, त्याचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं. दोन रानं पलीकडं जायचं तरी मोटारसायकलला लाथ मारायचा. आईची त्याला लाज वाटायची. "लोक इचारत्यात, तुझी आय पायतान घिऊन कुनाला मारत फिरती?" शेवटी एक दिवस तो झुंबर देवरुष्याला घेऊन आला.

झुंबर म्हणजे चांगला दीड माणूस. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आला आणि घामाघूम झाला. त्यानं राख काढली, आत्यांच्या समोर बसला आणि दरडावून म्हणाला, "बोल, कोन हायेस तू?"

"सारजा," आत्या म्हणाल्या. "तू कोन? तीन पायऱ्यात दम लागलाय तुला. तांब्याभर पानी पी आदी."

झुंबरनं तांब्या रिकामा केला. मग दुसरा मागितला. आत्या त्याच्याकडं रोखून बघत राहिल्या. "लई तहान लागती व्हय रं? तळपाय बधिर पडत्यात का?"

झुंबरची राख हातातच राहिली. जाताना तो मल्हारला सोडून आत्यांच्या कानाशी लागला आणि भिगवणच्या डॉक्टरांचा वार विचारून गेला. त्या दिवशी मी पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले.

ते हसू सत्त्याण्णवच्या भाद्रपदात संपलं. परसात, त्याच भिंतीशी, मुंग्या आल्या.

काळ्या, मोठ्या, ओळीनं. मी तिथंच उभी राहिले. घरात आता पुरुष एकच होता. मागून आत्या आल्या, त्यांनीही बघितलं. त्या खाली बसल्या आणि तळहातानं त्या मुंग्या पुसायला लागल्या, वेड्यासारख्या, परत परत. "न्हाय, न्हाय," म्हणत होत्या. "ह्येला न्हाय. ह्येला न्हाय देत."

मल्हारला सांगितलं तर तो उखडला. "मला काय झालं न्हाय. चौतीस वर्साचा हाय मी. मुंग्या बघून दवाखान्यात जाऊ? यडं व्हायचंय का मला बी?" रात्री तो तीनदा पाणी प्यायला उठला. मी जागी होते, मोजत होते.

चार दिवसांनी पितरांची तिथ आली. आत्यांनी आप्पांसाठी भाकरी, माडगं आणि शेपूची भाजी केली होती. कळपामागं असताना ते हेच खायचे. दुपारी मल्हार टेम्पो लावून आत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर गुळाची ढेप होती.

"पुरन घाल," मला म्हणाला.

आत्या दारात आडव्या आल्या. "ह्या घरात गूळ येनार न्हाय. बोललीय मी."

"माझ्या बापाच्या पानात बी न्हाय? जिता व्हता तवा तुमी त्येला तरसवला. एक खडा दिला न्हाय. मेल्यावर तरी खाऊ द्या! त्येच्यापायीच फिरतोय त्यो अंगनात. मला काय ऐकू येत न्हाय व्हय?"

म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. तरसवला? दीड वर्ष रोज खाल्लेला गूळ माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला, लिंबाएवढा, एकावर एक, सगळा डोंगर.

"तरसवला न्हाय," मी म्हणाले. "मी देत होते. रोज संध्याकाळी, आत्या धारेला गेल्या की. कोठीतनं काढून. मी मारलं त्यांना."

मला वाटलं आत्या माझ्या तोंडात मारतील. मारायला हवं होतं. पण त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या जशा काही मी त्यांचंच बोलणं चोरलं आहे.

"सांजच्याला?" त्या म्हणाल्या. "तू सांजच्याला देत हुतीस?"

"हो."

"आन मी सकाळच्याला," आत्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या. "तू पान्याला गेलीस की. त्यो म्हनायचा, सारजा, तुझ्या हातचाच गोड लागतो. कुनाला सांगू नगं. जल्मभर मला एक सबूद गोड बोलला न्हवता त्यो. मला वाटलं, मीच एकली पापीन. म्हनून खडा फेकला गं मी ओढ्यात. तुझं ठावं असतं तर..."

तेवढ्यात धप्प आवाज झाला. मल्हारच्या खांद्यावरची ढेप खाली पडली होती. तो उंबऱ्यावर बसला, दोन्ही हातांत डोकं धरून.

"दुपारी मी न्यायचो," तो म्हणाला. "गाडीवर बसवून, गुऱ्हाळावर. काकवी प्यायला. म्हनायचे, मल्हाऱ्या, बायांना सांगू नगंस. लेक असावा तर असा."

तिघं होतो आणि तिघांनी, एकमेकांपासून लपवून, जीव लावून त्यांना मारलं होतं. आप्पांचाही रागच आला मला. आम्हा तिघांची भूक त्यांनी बरोबर ओळखली होती. त्या दिवशी पान वाढलं तेव्हा कावळा आला का, ते मी बघितलं नाही.

ढेप कुणाला द्यायची? ज्याला देऊ त्याच्या घरी तेच. मल्हारनं ती कुदळीनं फोडून उकिरड्यात पुरली. आठ दिवस गावातल्या सगळ्या मुंग्या तिथं होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा मल्हार दारात उभा होता, पायात कापडी बूट. आत्यांनी खुंटीवरची वहाण काढली, क्षणभर हातात धरली आणि त्याच्या हातात दिली. "धर. तुझ्या बापाची हाय, तू ने."

मीही निघाले. आत्या पुढं, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं मल्हार. अर्ध्या कोसात त्याची छाती भात्यासारखी वाजायला लागली, पण तो थांबला नाही. पाटाच्या वळणावर वारा पडला आणि मला ते ऐकू आलं. कर्र. मल्हारच्याही मागून. मल्हारचे बूट वाजत नव्हते आणि वहाण त्याच्या काखेत होती. तोही थबकला. "आये," एवढंच म्हणाला, लहानपणी म्हणत असेल तसं.

आत्यांनी मागं बघितलं नाही. पाऊलसुद्धा चुकवलं नाही. "शेवटाला त्येच असत्यात," त्या म्हणाल्या. "कोन मागं ऱ्हाऊ नये म्हनून. चला."

त्याच आठवड्यात भिगवणला मल्हारचं रक्त तपासलं. साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पण आता हे जन्माचं. सुटायचं नाही, सांभाळायचं. त्याला दोन वर्षं झाली. टेम्पो तो अजून चालवतो, डबा घरचा नेतो, पोट स्टिअरिंगपासून वीतभर मागं गेलं आहे. चालणं चुकत नाही, आणि वहाण आता वाटेत माय-लेक आळीपाळीनं धरतात. गावाच्या मते आमच्या घरात वेडे तीन झाले.

रोज संध्याकाळी, ज्या वेळेला मी तो खडा द्यायचे त्या वेळेला, मी उंबऱ्याशी बसून मल्हारचे पाय धुते. दिवा जवळ घेऊन तळवे बघते, बोटांच्या बेचक्या बघते. मग अंगठ्यानं दाबत जाते आणि विचारते, "लागतं का?" तो म्हणतो, "लागतं." उजवा झाला की डावा.

परवा डाव्या पायाला उत्तर आलं नाही. मी परत दाबलं. तो गप्प. अंगणात कर्र वाजलं, एकदा, आणि थांबून परत. उंबऱ्यापर्यंत आलं. माझे हात पाण्यात गार पडले. मी डोळे मिटले आणि सगळ्या जोरानं अंगठा रुतवला. "अहो, लागतंय का?"

"आगं आये!" मल्हार ओरडला. पाय झटक्यानं मागं घेतला. त्याला डुलकी लागली होती. "लागतंय की! जीव घेतीस का?"

मी त्याचा पाय परत ओढून मांडीवर घेतला आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरून रडले. उंबऱ्याकडं बघितलं नाही.